गवताचे बी

मराठी भाषेने गवताला फारसा मान दिलेला नाही. एखाद्याला तुच्छ लेखावयाचे असले म्हणजे त्याची किंमत गवताच्या काडीइतकी ठरविली जाते. हरलेला शत्रू दाती तृण धरून शरण येतो. शेतकऱ्याच्या तोंडी तर ‘तण खाई धन’ ही म्हण कायमची बसलेली आहे. आणि निंदणाच्या दिवसांत पाठ मोडेपर्यंत वाकून काम करणाऱ्या माणसाने गवताविषयी याहून बरे बोलावे, अशी अपेक्षा करणेही न्यायाचे नव्हे.

असे असताना चंद्रपूर जिल्ह्यातील ताडोबाच्या अरण्यात पावसाळा सरल्यावर एक वेगळाच उद्योग चालतो. अरण्याबाहेरच्या धानाच्या बांध्या पिवळ्या पडू लागलेल्या असतात. त्याच सुमारास अरण्याच्या आत काही स्त्रीपुरुष कमरेला पिशव्या बांधून माळावर पसरतात आणि गवताच्या वाळत आलेल्या तुऱ्यांवरून हलकेच मूठ ओढतात. मुठीत जे येते, ते पिशवीत जाते. प्रथम पाहणाऱ्याला हा पोरखेळ वाटावा. परंतु ती माणसे मजुरीवर आलेली असतात, जवळच वनरक्षक उभा असतो, आणि गोळा झालेले बी वाळवून, पोत्यांत भरून, जातवार वेगळे ठेवले जाते. पुढच्या पावसाळ्यात ते पेरावयाचे असते. ज्या तणाला शेतकरी आयुष्यभर उपटीत आला, त्याचेच बी धान्यासारखे राखून ठेवण्याची वेळ अरण्यावर का आली, ही हकीकत ऐकण्यासारखी आहे.

चंद्रपूर आणि गडचिरोली हे महाराष्ट्राच्या पूर्व टोकाचे वनाच्छादित जिल्हे. १९८२ पर्यंत गडचिरोली हा चंद्रपूर जिल्ह्याचाच भाग होता. या प्रदेशात पाऊस कमी पडतो असे मुळीच नाही. वर्षाकाठी बाराशे मिलीमीटरहून अधिक पाऊस येथे पडतो. सोलापूर-अहिल्यानगरकडील शेतकऱ्याला हा आकडा ऐकून हेवा वाटेल. पण हा पाऊस जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडून जातो. उरलेले आठ महिने आकाश कोरडे असते. मे महिन्यात चंद्रपूरचा पारा कित्येकदा ४६-४७ अंश सेल्सिअसवर चढतो, आणि त्या दिवसांत देशातील सर्वांत तप्त शहरांच्या यादीत चंद्रपूरचे नाव वारंवार येते. काळी कन्हार जमीन भेगाळते. मुरमाड खर्डी आणि तांबूस बरड जमीन तर पाणी धरीतच नाही. ओढे आटतात, सागाची पाने गळून जातात आणि रानात उभ्या असलेल्या माणसाला सावलीसाठी दूरवर पाहावे लागते. पाणी मुबलक असूनही ते वर्षातून दोनतृतीयांश काळ दुर्मीळ असावे, अशी ही भूमी आहे. येथे जे गवत टिकते, ते या दोन्ही अवस्थांना सरावलेले असते.

ताडोबाचे राष्ट्रीय उद्यान १९५५ मध्ये घोषित झाले. १९८६ मध्ये शेजारच्या रानाला अंधारी अभयारण्याचा दर्जा मिळाला आणि १९९५ मध्ये ही दोन्ही वने मिळून ताडोबा-अंधारी व्याघ्रप्रकल्प अस्तित्वात आला. त्या वेळी या अरण्याच्या पोटात बोटेझरी, कोळसा, नवेगाव, जामणी, पळसगाव आणि रानतळोधी अशी सहा गावे वसलेली होती. तेथील आदिवासी आणि इतर कुटुंबे धान पिकवीत, गुरे राखीत, मोहफुले वेचीत आणि गवताने घरे शाकारीत. वाघाला निर्वेध जागा मिळावी आणि माणसांनाही वन्यप्राण्यांच्या सततच्या त्रासातून सुटका मिळावी, म्हणून ही गावे अरण्याबाहेर वसविण्याचे ठरले. २००७ मध्ये बोटेझरी उठले, कोळसा येथील काही कुटुंबेही त्या सुमारास बाहेर आली. पुढे २०१३ आणि २०१४ च्या सुमारास नवेगाव आणि जामणी ही गावे उठली. घर, विहीर, देवाचे ठाणे आणि वाडवडिलांनी लावलेली आंब्याची झाडे मागे ठेवून जाणे कोणालाही सोपे नसते. ताडोबाच्या गवताचा विचार करताना हे विसरून चालणार नाही, की ते ज्या जमिनीवर वाढते आहे ती जमीन कोणीतरी सोडून दिलेली आहे.

माणसे गेली आणि शेते मोकळी पडली. आता निसर्ग आपले काम आपण करील, दोनचार पावसाळ्यांत तेथे हिरवीगार कुरणे तयार होतील, अशी पुष्कळांची कल्पना असते. ती भाबडी आहे. जी जमीन पिढ्यान्‌पिढ्या नांगरली गेली, तिच्यात रानगवताचे बी आणि मुळे शिल्लक राहत नाहीत. गावाभोवतीच्या पड जमिनीवर गुरांचे पाय सतत पडलेले असतात. त्यांना जे गवत आवडते, ते बी धरण्यापूर्वीच खाल्ले जाते, आणि जे आवडत नाही, तेच वाढत राहते. अशा जमिनीवरून नांगर आणि गुरे दोन्ही उठली, की सर्वांत आधी धावून येतात ती तरोटा, रानतुळस, गाजरगवत आणि घाणेरी यांसारखी झुडपे.

यांपैकी तरोटा तसा ओळखीचा. पावसाच्या आरंभी त्याच्या कोवळ्या पानांची भाजी विदर्भात घरोघरी होते. पण रानतुळशीचे प्रकरण निराळे आहे. नावात तुळस असली, तरी ती मूळची अमेरिका खंडाच्या उष्ण भागातील. तिच्या अंगाला इतका उग्र दर्प असतो, की चितळ असो वा बैल, कोणीही तिला तोंड लावीत नाही. ती पुरुषभर उंच वाढते आणि दाट माजते. तिच्या सावलीत गवताचा कोंभ तग धरीत नाही. तिचे बी पाण्यात पडले, की सब्जाच्या बियांप्रमाणे त्याभोवती बुळबुळीत आवरण फुगते. त्यामुळे ते ओल्या जमिनीला चिकटून राहते आणि थोड्याशा ओलाव्यावरही रुजते. एकेका झाडाला असे असंख्य बी लागते. दुरून पाहणाऱ्याला सारे रान हिरवे दिसते. पण ती हिरवळ कोणाच्याही पोटात जात नाही.

अरण्यात जे खाता येत नाही अशा हिरवळीचा परिणाम फार दूरवर पोहोचतो. एका वाघाला वर्षाकाठी चितळाएवढी सुमारे ५० जनावरे लागतात, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. ही चितळे गवतावर जगतात. रानगवाही मुख्यत्वे गवतच खातो. रानात गवत नसेल, तर हिवाळ्यापासूनच तृणभक्षी प्राणी रानाच्या कडेला सरकू लागतात. कडेला शेते असतात, शेतांत हरभरा असतो, आणि रात्री जागलीवर बसलेला शेतकरी असतो. हरणांच्या मागोमाग वाघ येतो. चंद्रपूर जिल्ह्यात वाघ आणि माणूस यांची गाठ पडून दरवर्षी माणसे दगावतात. उन्हाळ्यात मोहफुले किंवा तेंदूपाने गोळा करावयास पहाटे निघालेली बाई घरी परत येत नाही. या दुःखाची कारणे अनेक आहेत आणि ती सगळीच्या सगळी गवताशी निगडित आहेत असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. परंतु रानाच्या आत चारा असावा, ही त्यावरील उपायांतील एक मूलभूत गोष्ट आहे, याविषयी मतभेद नाही.

म्हणून गवत लावावे लागते, आणि त्याचा आरंभ उपटण्यापासून होतो. रानतुळस कापून भागत नाही. कापलेल्या बुडख्याला पुन्हा फुटवे येतात. ती मुळासकट ओढावी लागते. आणि तेही जमीन ओली असताना व झाडाला बी धरण्यापूर्वी. आठवडाभर उशीर झाला, तर उपटणाऱ्याच्याच हाताने बी सगळीकडे सांडते. भर पावसात, चिखलात, जळवा आणि डास सोशीत हे काम करावे लागते. एका वर्षाच्या उपटणीने काहीच साधत नाही, कारण आधीच्या वर्षांचे बी मातीत दडून बसलेले असते. दुसऱ्या वर्षी ते उगवते, तिसऱ्या वर्षीही उगवते. म्हणून त्याच जागेवर लागोपाठ निदान तीन वर्षे तरी हात फिरवावा लागतो. चौथ्या वर्षी दुर्लक्ष केले, तर कडेने पुन्हा शिरकाव होतो. खर्चाचे अंदाजपत्रक मांडणाऱ्याला हे काम कंटाळवाणे वाटते यात नवल नाही. पण यावर आखूड वाट सापडलेली नाही.

दुसरी पायरी बियांची. आणि येथे एक अडचण अशी येते, की बहुतेकांना गवत ओळखता येत नाही. वाघाच्या पावलांचा माग काढणारा, पक्ष्याचा आवाज ऐकून त्याचे नाव सांगणारा माणूसदेखील पुष्कळदा गवतापुढे गोंधळतो; त्याला सगळे गवत म्हणजे गवत. विदर्भातील गवतांचा बारकाईने अभ्यास करून वनरक्षकांना ती ओळखावयास शिकविण्याचे काम, चिखलदऱ्याच्या महाविद्यालयात अध्यापन केलेले डॉ. गजानन मुरतकर यांनी मेळघाटात आणि विदर्भातील इतर व्याघ्रप्रकल्पांत केले आहे. हे शिक्षण वर्गात बसून होत नाही. गुडघे टेकून, काडी हातात धरून, पेर चाचपून ते घ्यावे लागते. मारवेल गवताच्या पेरावर पांढऱ्या केसांचे बारीक कडे असते. ते एकदा पाहिले, की मारवेल पुन्हा चुकत नाही. तिखाडीचे पान चुरगळले, तर गुलाबाची आठवण करून देणारा सुवास येतो. पवना, ज्याला काही ठिकाणी शेडा म्हणतात, तो डोंगरउतारावरच्या हलक्या जमिनीत रमतो. मुशान आणि कुंदा यांना भारी, ओलसर जमीन मानवते. गावे उठली, तरी धानाच्या जुन्या बांध्यांचे धुरे लगेच मोडत नाहीत; त्यांच्या आड पाणी थोडे अधिक थांबते. कोणते बी कोठे टाकावयाचे, हे ठरविताना जमिनीच्या या खुणा वाचाव्या लागतात.

तिखाडीच्या सुवासावरून थोडे विषयांतर क्षम्य ठरावे. या गवतापासून काढलेल्या तेलाला रोशा तेल म्हणतात. खानदेशच्या डोंगरांत त्याच्या भट्ट्या लागत आणि ते तेल मुंबईमार्गे थेट कॉन्स्टँटिनोपलपर्यंत जात असे. तेथे काही व्यापारी ते महागड्या गुलाबाच्या अत्तरात मिसळीत. ज्या तेलामुळे माणूस या गवतामागे लागला, त्याच तेलामुळे रानातील जनावरे त्याला शक्यतो टाळतात. म्हणून कुरणात तिखाडी थोडी असली तर शोभते. फार झाली तर चाऱ्याची जागा खाते.

गवताचे बी गोळा करणे हेही वाटते तितके सोपे नाही. गव्हाची ओंबी एकदम पिकते, कारण हजारो वर्षे माणसाने तशीच ओंबी निवडली. रानगवताला अशी शिस्त नाही. एकाच तुऱ्यातील वरचे दाणे पिकून गळून जातात तेव्हा खालचे हिरवे असतात. आज गेले तर कच्चे, चार दिवसांनी गेले तर जमिनीवर सांडलेले. शिवाय मुठीत आलेल्या भुशात पुष्कळशी टरफले पोकळच असतात. ती तळहातावर चोळून, फुंकर घालून, आत दाणा आहे की नाही हे पाहावे लागते. पोते मोठे दिसते, वजन मात्र काहीच नसते. इतके करून आणलेले बी लगेच पेरले, तर ते उगवेलच असे नाही. पुष्कळ रानगवतांचे ताजे बी काही महिने झोपून राहते. हिवाळ्यात एखादी अवेळी सर आली आणि सगळे बी एकदम उगवले, तर पुढच्या उन्हाळ्यात ते सगळेच मरेल. या झोपेमुळे ते संकट टळते. उतावळ्या माणसापेक्षा गवताचे बी अधिक सावध असते, असे म्हणावयास हरकत नाही.

पेरणीच्या वेळी हे हलके बी वाऱ्याने उडून जाऊ नये, म्हणून ते माती, वाळू किंवा शेणखतात कालवितात. ते फार खोल गाडून चालत नाही. बोटाच्या पेराहूनही कमी माती त्याच्यावर हवी. मारवेलीसारख्या गवतांची ठोंबेही लावता येतात. एक मोठा ठोंब उपटावा, त्याचे मुळांसह तुकडे करावेत आणि ओल्या जमिनीत धानाच्या रोवणीप्रमाणे रोवावेत. झाडीपट्टीतील बायकांच्या हाताला ही रोवणी लहानपणापासून ठाऊक असते. त्यांना ती शिकवावी लागत नाही.

एवढ्या खटाटोपानंतर पहिल्या वर्षी दिसते काय? फारसे काही नाही. विरळ, कृश, वीतभर काड्या. पाहुण्याला दाखविण्याजोगे काही नसते आणि खर्चाचा हिशेब विचारणाऱ्याला पटण्याजोगेही नसते. खरे काम त्या वेळी जमिनीखाली चालू असते. डिटमर नावाच्या अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञाने १९३७ मध्ये एक गमतीदार मोजणी प्रसिद्ध केली. राय हे गव्हासारखे एक धान्य. तेही गवताच्याच कुळातील. त्याचे एकच रोप त्याने पेटीतील मातीत चार महिने वाढविले आणि मग माती धुऊन काढून त्याची सारी मुळे मोजली. त्यांची एकूण लांबी ६२० किलोमीटरांहून अधिक भरली. नागपूरपासून पुण्यापर्यंत नकाशावर सरळ रेघ ओढली, तर ती साधारणपणे एवढीच होते. त्या मुळांवरच्या सूक्ष्म केसांची लांबी तर १० हजार किलोमीटरांच्याही पुढे गेली. चार महिन्यांच्या एका रोपाची ही कथा. मग वर्षानुवर्षे एका जागी टिकून राहणाऱ्या ठोंबाची मुळे मातीचा कण न् कण कशी बांधून ठेवीत असतील, याची कल्पना करता येईल. या मुळांचा काही भाग दरवर्षी मरतो आणि त्याचे मातीत खत होते. तीच माती पुढच्या पावसाचे पाणी अधिक शोषून घेते.

दुष्काळाला तोंड देण्याची गवताची इतर साधनेही साधी पण अचूक आहेत. झाडाचा वाढणारा कोंब शेंड्याला असतो. शेंडा खुडला की वाढ खुंटते. गवताचा वाढणारा भाग बुडाशी, जमिनीलगत असतो. म्हणून चितळाने पाते खाल्ले, वणव्याने ते जाळले, किंवा उन्हाने वाळविले, तरी बुडखा जिवंत राहतो. ऊन वाढले, की पुष्कळ गवतांची पाने लांबट नळीसारखी गुंडाळली जातात आणि वाफेवाटे जाणारे पाणी वाचते. वनस्पतीला हवेतील कार्बन डायऑक्साइड घ्यावयाचा तर पानाची रंध्रे उघडावी लागतात, आणि रंध्रे उघडली की पाणी निसटते. उष्ण प्रदेशातील बहुतेक गवतांच्या पानांत हा वायू साठवून एकवटण्याची विशेष योजना असते. त्यामुळे रंध्रे थोडीशीच उघडून त्यांचे काम भागते. जेवढ्या पाण्यात इतर वनस्पती मुठभर पाला तयार करतात, तेवढ्यात ही गवते त्याहून पुष्कळ अधिक चारा देतात. मे महिन्यात माळावर जे पिवळे, मेल्यासारखे गवत दिसते, ते मेलेले नसते. वरचा संसार आवरून ते मुळांत जाऊन बसलेले असते.

गवत लावणाऱ्यांनी केलेल्या चुकाही सांगितल्या पाहिजेत. एकाच जातीचे गवत सगळीकडे लावले, की पाहावयास सुंदर दिसते, पण ते कुरण नव्हे. चितळाला आखूड, कोवळे गवत लागते. रानगवा उंच गवतही खातो. वाघिणीला पिले दडविण्यासाठी आणि वाघाला दबा धरण्यासाठी दाट, उंच गवत हवे असते. लवकर पिकणारे, उशिरा पिकणारे, ओल्या जागेचे, खडकाळ जागेचे असे सगळे एकत्र नांदले, तरच वर्षभर कोणाला ना कोणाला चारा मिळतो. वणव्याचेही तसेच आहे. जाळल्यावर कोवळी लव फुटते म्हणून कोणी रान पेटवितो. पण वर्षामागून वर्षे आग लागत राहिली, तर गोड गवते मागे पडतात आणि कुसळीसारखी चिवट गवते तेवढी पुढे सरसावतात. वनखाते उन्हाळ्यापूर्वी जाळरेषा काढून आग अडविण्याचा प्रयत्न करते, तो याचसाठी. आणखी एक चूक अशी, की जेथे मोकळी जमीन दिसेल तेथे झाडे लावली पाहिजेत असे सुशिक्षित माणसाला वाटते. कागदोपत्री जिला पडीक म्हणतात, ती जमीन पुष्कळदा कुरण असते. तिच्यावर झाडांची दाट सावली पडली, की गवत जाते, आणि गवताबरोबर त्यावर जगणारे सगळे जाते.

गवत गेल्याने काय होते आणि परतल्याने काय होते, याची उदाहरणे दूरवर आणि जवळही सापडतात. अमेरिकेच्या मध्यभागी असलेली विस्तीर्ण कुरणे गव्हासाठी नांगरून टाकण्यात आली. १९३० नंतर तेथे अवर्षण पडले, तेव्हा माती धरून ठेवणारी मुळे उरलेली नव्हती. १४ एप्रिल १९३५ रोजी तर धुळीचे असे वादळ उठले, की भर दिवसा काळोख झाला. हजारो कुटुंबे घरदार सोडून परागंदा झाली. त्याच्या उलट उदाहरण मध्य प्रदेशातील कान्हाचे. तेथील बारशिंगा हा हरिणांतील एक देखणा प्राणी, आणि त्याचा आहार जवळजवळ केवळ गवत. १९७० मध्ये तेथे फक्त ६६ बारशिंगे उरले होते. गावे उठलेल्या जागी कुरणे राखण्यात आली, बारशिंग्यांसाठी कुंपणे उभारण्यात आली, आणि आज त्यांची संख्या हजाराच्या घरात गेली आहे. गडचिरोलीच्या दक्षिण टोकाला कोलामार्का येथे रानम्हशींचा एक लहानसा कळप आहे. महाराष्ट्रात रानम्हशीला उरलेला हा शेवटचा आसरा. त्या क्षेत्राला २०१३ मध्ये संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा देण्यात आला. रानम्हैस ही पाणथळ जागेतील उंच गवतात राहणारी. तिच्या बाबतीत कान्हासारखे काही घडेल की नाही, हे अजून ठरावयाचे आहे.

गडचिरोलीतच गवताच्या एका थोर नातलगाची गोष्ट घडली. बांबू हे वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने गवत आहे. कायद्याने मात्र १९२७ पासून त्याची गणना झाडांत केली होती, आणि झाड म्हटले की ते तोडण्यावर व वाहून नेण्यावर बंधने आली. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गोंड वस्तीच्या गावाला २००९ मध्ये आपल्या वनावरचा सामूहिक हक्क मिळाला, आणि २०११ मध्ये आपल्या रानातील बांबू स्वतः विकण्याचा अधिकारही त्या गावाने मिळविला. कायद्याच्या पुस्तकातील झाडांच्या व्याख्येतून बांबू वगळला गेला तो २०१७ मध्ये. गवताला गवत म्हणण्यास ९० वर्षे लागली.

ही गोष्ट येथे सांगण्याचे कारण असे, की गवतावर हरणांचाच तेवढा हक्क नाही. अरण्याबाहेरच्या गावांत गाई-बैल आहेत, शेळ्या आहेत, मेंढ्यांचे कळप घेऊन फिरणारे कुरमार मेंढपाळ आहेत. धानाचे तणस संपले, की त्यांनाही चारा लागतो. या भागातील गावांना रानातील लाकूडफाटा, बांबू आणि गवत घेण्याचा निस्ताराचा जुना हक्क होता, आणि त्याची आठवण लोकांत ताजी आहे. अरण्याच्या आत मारवेलीचे ताटवे डोलत असताना कुंपणापलीकडे रोडावलेला बैल उभा असेल, तर ते दृश्य कोणालाही समाधान देणार नाही. तोच खटाटोप गावाच्या पड जमिनीवर करता येतो. दोन पावसाळे चराई थांबवावी, गवताला बी धरू द्यावे, नंतर गुरे मोकळी न सोडता विळ्याने कापून भारे घरी न्यावेत. सांगावयास हे सोपे आहे. ज्याच्या गोठ्यात आज चारा नाही, त्याला दोन पावसाळे थांबा असे कोणी सांगावयाचे, हा प्रश्न मात्र उरतोच; आणि तो गवताच्या जातींची नावे पाठ केल्याने सुटत नाही.

राहिली ती कुसळी. या गवताविषयी कोणी चांगले बोलत नाही. तिचे टोकदार बी धोतराला, लुगड्याला चिकटते, पायांत शिरते, मेंढीच्या लोकरीतून कातडीपर्यंत पोहोचते. दुसऱ्याच्या डोळ्यात लोकांना नेहमी दिसते, ते कुसळ या जातीच्या गवतांचेच. पण कोवळेपणी ती जनावरे खातात, आणि जेथे दुसरे काही उगवत नाही अशा मुरमाड उतारावर माती प्रथम धरून ठेवते, ती कुसळीच. बी गोळा करणारी माणसे तिच्या वाटेस सहसा जात नाहीत. तिला कोणाची मदत लागत नाही. तिच्या प्रत्येक बियाला बोटभर लांबीचे, तपकिरी, पिळदार शेपूट असते. उन्हाळाभर ते बी मातीवर आडवे पडून असते. जूनमध्ये पहिली सर येते. शेपूट भिजते आणि त्याचा पीळ उलगडू लागतो. ऊन पडले की ते पुन्हा पिळते. ओल आणि ऊन, ऊन आणि ओल, असे चालले म्हणजे ते शेपूट गिरमिटासारखे फिरते आणि बियाचे अणकुचीदार टोक मातीत शिरते. टोकावरचे उलटे केस त्याला मागे सरकू देत नाहीत. जामणीच्या किंवा नवेगावच्या माळावर त्या दिवशी कोणी जमिनीला डोळे लावून बसला, तर त्याला हे नुसत्या डोळ्यांनी दिसेल: चिमूटभर वाळक्या काड्या, कोणीही हात न लावता, सावकाश गोल फिरत आहेत.